अर्धं पिंप

खडकीचं क्वार्टर सोडताना
कपाट विकलं, दिवाण देऊन टाकला,
हे अर्धं पिंप मात्र पपांनी टेम्पोत चढवलंच.
अठ्ठ्याहत्तर साली पेणकर वेल्डरनं
एका दुपारी उभं चिरून दिलेलं.
चार पाय, त्यातला एक जन्मापासून आखूड,
त्याखाली अजून तीच शहाबादी कपची.

आता बोपोडीत, तळमजल्याच्या मागं
दहा बाय बाराचं अंगण.
एक पेरू, कपडे वाळवायची तार,
आणि बरोब्बर वर सेक्रेटरी जोगळेकरांची खिडकी.

शाल्मली पपांची वही घेऊन बसलीय.
तेलानं पान इतकं पारदर्शक झालंय
की मागच्या पानावरचा दुधाचा हिशोबही
रेसिपीत मिसळतो.
कोंबड्या दोन. केचप, आख्खी बाटली.
साखर वाटीभर. व्हिनेगर अंदाजे.
लाल रंग चिमूटभर, पाहुणे साहेबलोक असले तर दोन.
वर डब्यातला अननस, टूथपिक, चेरी.
आणि खाली रेघ मारून: मंडळी खूश.

"वाटीभर साखर, आजोबा?"
"वाटी लहान होती."
"आणि रंग?"
"तेव्हा कुणी मेलं नाही."
मग थोडं थांबून, स्वतःशीच,
"त्यानं नाही मेलं."

तिनं साखर खोडली, काकवी लिहिली.
केचप गेलं, भाजून सोललेले टोमॅटो आले,
व्हिनेगरच्या जागी कोकमाचं आगळ,
रंगाच्या जागी बेडगी, भिजवून वाटलेली.
पेरूच्या ओल्या काड्या तासून
त्यांच्यावर मशरूम ओवले.
तिचा मित्र मांस खात नाही, नावही नीट सांगत नाही,
नुसता हसतो आणि कोळसे फुंकतो.
त्याच्या पापण्यांवर राख.

सव्वासातला वरची खिडकी उघडली.
आम्ही सगळे गप्प, पोरं चोरी करताना जशी.
"धूर येतोय," जोगळेकर म्हणाले.
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.
मग, "कणीस आहे का?"

तिच्याकडं थर्मामीटर आहे, लांब सळईचा,
आकडे दाखवतो, पिपाणीसारखा वाजतो.
पपांनी खुर्ची पुढं ओढली,
त्र्याऐंशी वर्षांचा तळहात निखाऱ्यावर धरला
आणि एकोणतीसचा पाढा सुरू केला,
मला न येणारा, ज्यासाठी मी याच हाताचा
मार खाल्लेला.
एकोणतीस एके एकोणतीस,
दुणे अठ्ठावन्न,
त्रिक सत्त्याऐंशी,
चोक... आणि हात मागं घेतला.
"कोंबडी टाक."

आख्खी कॉलनी जेवायची या पाढ्यावर.
आई बाजूला उभी राहून ताटं पुसायची,
आणि ते मुद्दाम पाचापर्यंत हात धरायचे,
तिनं "अहो" म्हणावं म्हणून.

शाल्मलीनं हात धरला. त्रिकावरच ओरडली.
मित्रानं धरला, त्याला पाढा येईना,
इंग्रजीत पाच मोजले, पपांनी ते मान्य केले नाहीत.

चव? खरं सांगतो,
ती नव्हे.
जिभेवर आधी आंबट येतं, मग धूर,
मग बेडगी सावकाश, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.
जुनी गोड होती, एवढंच आठवतं, 
आणि ओठ दोन दिवस लाल.
मी तिसरा तुकडा घेतला.

पपांच्या ताटात रताळं आणि एक मशरूम.
दातांना चालतं ते.
उलटसुलट करून पाहिलं त्यांनी, 
घड्याळाचा स्क्रू तपासावा तसं.
"चेरी कुठाय?"

कुणाच्याच घरी नव्हती.
मित्र न बोलता स्कूटर काढून गेला,
पावणेदहाला बेकरीतून परतला,
कागदाच्या पुडीत सहा, केकवरच्या, भडक.
ज्या रंगासाठी इतकं भांडण, तो सगळा त्यांत होता.
पपांनी एक मशरूमवर रोवली,
पहिल्यांदाच त्याला विचारलं,
"नाव काय रे तुझं?"

रात्री पिंप गार होताना
कपचीवरचा पाय थोडा किरकिरला.
शाल्मलीच्या मोबाईलवर नवी नोंद दिसली:
कोंबडी, चोक. मशरूम, त्रिक.
रताळी, साते, पण आजोबांना विचारून.
चेरी, सहा.